रबाळ्याच्या गाळ्यातला कॉम्प्युटर ठाण्यातून चालवायचा असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रबाळे एमआयडीसीत वडिलांचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. तिथल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), बिलं, पगारपत्रक सगळं आहे. हिशेब तुम्ही बघता, पण राहता घोडबंदर रोडला, बाळ सहा महिन्यांचं, त्यामुळे रोज जाणं होत नाही. म्हणून तुम्ही विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप (दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर चालवण्याची सोय) सुरू केलंत, गाळ्यातल्या राउटरमध्ये 3389 नंबरचा पोर्ट फॉरवर्ड केलात, म्हणजे बाहेरून त्या नंबरावर येणाऱ्याला थेट कॉम्प्युटरकडे पाठवणारं दार उघडलंत, आणि घरून जोडायला गेलात तर दोन दिवस काही केल्या लागत नाही. केबलवाला म्हणतोय स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा, न बदलणारा पत्ता) घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील. तो घ्यावा का?

नका घेऊ. आणि जोडणी लागली नाही हे नशीब समजा. लागली असती तर कदाचित काही महिन्यांनी तुम्ही फार वाईट प्रश्न विचारत असता. राउटरमधला तो फॉरवर्डिंगचा नियम आधी काढून टाका, मग पुढचं वाचा.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचे आणि गाळ्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, 17 वर्षं झाली. ऐरोली-रबाळे-महापे भागात केवढाली डेटा सेंटर उभी आहेत, तिथे विजेच्या दोन-दोन लाइन आणि जनरेटर; आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या गाळ्यात कॉम्प्युटरची वायर टेबल फॅनच्या शेजारच्या सॉकेटमध्ये खोचलेली. माझं काम त्या दुसऱ्या जागी असतं, म्हणून जे सांगतोय ते तिथल्या अनुभवावरून.

आधी जोडणी का लागली नाही ते. तुम्ही सगळं बरोबर केलंत, पण तुमच्या राउटरला खरा बाहेरचा पत्ता मिळालेलाच नाही. बरेच ब्रॉडबँडवाले शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी वापरतात. सोसायटीच्या गेटवर एकच फोन आहे असं धरा. घरातून इंटरकॉमवरून बाहेर फोन लावता येतो, पण बाहेरून फोन आला तर तो कुणाच्या घरी जोडायचा हे वॉचमनला माहीत नाही. तुम्ही तुमच्या फ्लॅटचं दार उघडं ठेवलंत, पण माणूस गेटवरूनच परत गेला. याला सीजीनॅट म्हणतात. खात्री करायची तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 च्या दरम्यान सुरू होत असेल तर हेच आहे. ही पत्त्यांची पट्टी 2012 मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. काहींकडे 10 ने सुरू होणारा पत्ता दिसतो, अर्थ तोच. स्टॅटिक आयपी घेतलात तर तुम्हाला स्वतःचं गेट मिळेल हे खरं. पण ते गेट थेट हमरस्त्यावर उघडेल.

हमरस्त्यावर म्हणजे काय, ते एकदा बघितलं की विसरत नाही. महाप्याच्या एका व्यापाऱ्याकडे आधीच्या माणसाने असाच पोर्ट उघडून दिला होता. 3389 ऐवजी कुठलातरी पाच आकडी नंबर टाकला होता, म्हणजे म्हणे कोणाला सापडणार नाही. मला बोलावलं होतं कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून. मी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून सिक्युरिटीच्या नोंदी लावल्या तर 4625, 4625, 4625. ही चुकलेल्या लॉगिनची नोंद असते. दर तीन-चार सेकंदांनी एक, रात्रभर, रविवारी सुद्धा. नाव कधी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, कधी ‘युजर1’, आणि एक चक्क ‘टॅली’. कुणी माणूस बसून हे करत नव्हता; उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना नंबर बदलल्याने काही फरक पडत नाही. तिथे पासवर्ड बरा होता म्हणून निभावलं. दुसऱ्या एका ठिकाणी तो मालकाच्या मोबाइल नंबरचे शेवटचे सहा आकडे होता. तिथे सोमवारी सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची हार्डडिस्क होती, पण ती कायम मशीनलाच लावून ठेवलेली, त्यामुळे तीही गेली.

पासवर्ड चांगला ठेवला की झालं, असंही नाही. मे 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच एक भोक सापडलं होतं, ब्लूकीप नावाचं, ज्यात पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने त्या वेळी कधीच्या काळी बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून काय ते समजा. आणि तुमच्या गाळ्यात विंडोज 10 असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला आहे. असं मशीन थेट रस्त्यावर ठेवायचं नसतं.

आता उपाय. तो तीन गोष्टींवर ठरतो: गाळ्यातल्या मशीनवर विंडोज होम आहे की प्रो, तुम्ही काम करताना तिथे कुणी त्याच कॉम्प्युटरवर बसलेलं असतं का, आणि डिजिटल सहीचा टोकन कुठे असतो. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी दोन्ही वाटा सांगतो.

मशीनवर प्रो असेल तर माझी पसंती टेलस्केल (आपल्याच मशीनना इंटरनेटवरून खाजगीत एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर) आणि त्यातून विंडोजचंच रिमोट डेस्कटॉप. टेलस्केल दोन्ही कॉम्प्युटरवर टाकायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करायचं. मग दोन्ही मशीन आतून बाहेर फोन लावतात आणि मधल्या मध्ये एकमेकांना गाठतात, म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. गाळ्यातल्या मशीनला 100 ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल. (हो, पुन्हा तीच 100.64 ची पट्टी. टेलस्केलने तीच वापरली आहे, गोंधळून जाऊ नका.) घरच्या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडायचं, तो पत्ता टाकायचा, झालं. लॅपटॉपवर होम असलं तरी चालतं. प्रो लागतं ते ज्या मशीनमध्ये शिरायचं त्याला. होम की प्रो हे सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली अबाउटमध्ये दिसेल. होम निघालं तर प्रोची की विकत घेऊन तिथल्या तिथे बदलता येतं, विंडोज नव्याने टाकावं लागत नाही. इंटरनेटवर होमला रिमोट डेस्कटॉप चालू करून देणारे फुकट जुगाड सापडतील. लायसनच्या दृष्टीने ते चूक आहेच, शिवाय विंडोज अपडेट झालं की बंद पडतात, आणि ते नेमकं रिटर्नच्या आदल्या रात्री होतं.

इथे जवळजवळ प्रत्येकजण ज्या दगडांना ठेचकाळतो ते सांगून ठेवतो. पहिला, पिन. तुमचे वडील सकाळी चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडत असतील; रिमोट डेस्कटॉपला तो पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल आणि त्या मशीनवर पासवर्ड कधी टाकलाच नसेल, तर बरोबर पासवर्ड देऊनही ते नाही म्हणतं. गाळ्यात गेल्यावर एकदा लॉक स्क्रीनवर पिनऐवजी पासवर्ड टाकून आत शिरा, मग चालू होतं. लॉक स्क्रीनवर पासवर्डचा पर्यायच दिसत नसेल तर साइन-इन ऑप्शन्समध्ये फक्त विंडोज हॅलोने (पिन, चेहरा किंवा बोटाने) लॉगिन करू देणारं बटण चालू असतं, ते बंद करा. आणि पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज बाहेरून येऊच देत नाही. तो ठेवावा लागेल, वडील कुरकुरले तरी.

दुसरा, टेलस्केलच्या मेनूत ‘रन अनअटेंडेड’ असा पर्याय आहे, तो गाळ्यातल्या मशीनवर चालू करा. नाहीतर कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर कुणीतरी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जोडलंच जात नाही, आणि लॉगिन करायला तर तुम्ही बाहेरून येणार असता. तिसरा, टेलस्केल दर 180 दिवसांनी मशीनला पुन्हा लॉगिन करायला लावतं. त्यांच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात जाऊन फक्त त्या एका मशीनसाठी ‘की एक्स्पायरी’ बंद करा. पहिल्यांदा मी हे विसरलो होतो. बरोबर सहा महिन्यांनी एकाच आठवड्यात चार ग्राहकांचे फोन आले, कारण चौघांकडे मी ते एकाच आठवड्यात लावलं होतं.

अजून पक्कं करायचं असेल तर विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचे जे इनबाउंड नियम आहेत त्यांच्या स्कोपमध्ये 100.64.0.0/10 (तीच 100.64 ते 100.127 ची पट्टी) एवढंच ठेवा. म्हणजे उद्या कुणी राउटरमध्ये पुन्हा पोर्ट उघडला तरी दार बंदच राहील. ज्या खात्याने टेलस्केलला लॉगिन केलंत त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा. आणि ते खातं तुमचं स्वतःचं असू दे, गाळ्याचं ते जीमेल नको ज्याचा पासवर्ड सुपरवायझरपासून ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

दुसरी वाट क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा ॲनीडेस्कसारख्या ॲपची. विंडोज होम असेल तर हीच. क्रोमचं फुकट आहे, पिन किमान सहा आकडी मागतं, दहा मिनिटांत लागतं. ॲनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर फुकट आहेत ते फक्त घरगुती वापराला. धंद्यासाठी वापरताय असा त्यांना संशय आला की मध्येच तोडतात, तेव्हा वापरायचं तर पैसे भरून वापरा.

या दोन वाटांत सोयीचा जो फरक आहे तो कुणी आधी सांगत नाही. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने तुम्ही आत शिरलात की गाळ्यातला पडदा लॉक होतो. तिथे बसलेला माणूस बाहेर फेकला जातो, कारण साध्या विंडोजवर एका वेळी एकालाच बसता येतं. दुपारी बारा वाजता वडील बिल बनवत असताना तुम्ही शिरलात तर दोन मिनिटांत फोन येईल. याउलट क्रोम किंवा ॲनीडेस्कने गाळ्यातला पडदा जसाच्या तसा चालू राहतो आणि तुमचा माऊस तिथे सगळ्यांना फिरताना दिसतो. माझ्या एका ग्राहकाने रात्री नऊला घरून पगारपत्रक उघडलं. सेकंड शिफ्टचे दोघे वेल्डर पडद्यासमोर उभे राहून शांतपणे प्रत्येकाचा पगार वाचत होते. दुसऱ्या दिवशी पगारवाढीची मागणी आली, आकड्यांसकट.

डिजिटल सहीचं तर याहून वेगळं. तुमची फर्म प्रोप्रायटरी असेल तर जीएसटी रिटर्न ओटीपीवर जातं, हा परिच्छेद सोडून द्या. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी लागतं, म्हणजे तो पेनड्राइव्हसारखा टोकन. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये शिरल्यावर गाळ्यातल्या मशीनला लावलेला टोकन तुम्हाला दिसतच नाही. टोकन लावलाय, दिवा लागलाय, वडील फोनवर शपथेवर सांगताहेत, आणि तुमच्या पडद्यावर टोकन सापडत नाही. बिघाड काही नसतो, स्मार्ट कार्डच्या बाबतीत रिमोट डेस्कटॉप बनवलंच तसं आहे: ते तुमच्या हातातल्या मशीनला लावलेलं कार्ड तिकडे पाठवतं, तिकडचं दाखवत नाही. म्हणून टोकन घरी लॅपटॉपला लावा, त्याचा ड्रायव्हर दोन्हीकडे टाका, आणि जोडताना लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्डवर टिक ठेवा. किंवा त्याहून सोपं, पोर्टलवर घरच्या लॅपटॉपवरूनच सही करा, त्याला गाळ्यातला कॉम्प्युटर लागतच नाही. क्रोम-ॲनीडेस्कने मात्र गाळ्यातला टोकन दिसतो. तरी तो कायम तिथे खोचून ठेवू नका, आणि त्याचा पिन मॉनिटरला चिकटवू नका. ज्याची सही त्याने तिच्यावर ताबा ठेवायचा, हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 मध्येच आहे.

टॅलीबद्दल एक. टेलस्केल लागलं की हुशारी सुचते: गाळ्यातलं टॅलीचं डेटा फोल्डर शेअर करू आणि घरच्या टॅलीतून थेट उघडू. करू नका. टॅली त्या फोल्डरमध्ये सतत बारीक बारीक वाचत-लिहीत असतं. एका ऑफिसच्या वायरवर ते चालतं. ब्रॉडबँडवरून एकेक व्हाउचर सेव्ह व्हायला चहा होईल इतका वेळ जातो, आणि मध्येच लाइन गेली की डेटा रिपेअर करत बसावं लागतं. डेटा जिथे आहे तिथेच राहू दे, टॅलीही तिथेच चालू दे, इकडे फक्त त्याचं चित्र आणा. चित्राला फार स्पीड लागत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही आरामात काम होतं. टॅलीप्राइमची स्वतःची रिमोटची सोयही आहे, टीएसएस (टॅलीची सबस्क्रिप्शन) चालू असेल तर. पण तिला गाळ्यात टॅली उघडं आणि कंपनी लोड केलेली लागते, आणि बाकीच्या एक्सेल-वर्डच्या फाइली तिच्यातून मिळत नाहीत. फक्त व्हाउचर टाकायचे आणि लेजर बघायचं असेल तर मात्र ती पुरेल.

इथवरचं सगळं एका दुपारचं काम आहे. खरा त्रास असतो तो पलीकडचं मशीन जिवंत ठेवण्याचा, आणि गाळ्यात त्याचा शत्रू एकच: संध्याकाळी शेवटी निघणारा माणूस मेन स्विच पाडून जातो. आग लागायला नको म्हणून पाडतो, त्याची सवय चांगलीच आहे. पण तुमचा कॉम्प्युटर, राउटर आणि फायबरचा डबा तिघेही त्यासरशी झोपतात. एका ग्राहकाचं सगळं मी छान लावून दिलं आणि पहिल्याच रात्री त्यांचा फोन, काही लागत नाही. पाऊस होता, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी, म्हणून ऐरोलीच्या पुलावरून वळसा घालून गेलो. गाळा अंधारात, मेन खाली. मी वर केला, आणि कॉम्प्युटर तरी बंदच, कारण त्याचं बटण कुणी दाबणार!

म्हणून तीन कामं करा. इलेक्ट्रिशियनकडून कॉम्प्युटर, राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी मेनच्या आधीपासून वेगळी लाइन आणि वेगळी एमसीबी काढून घ्या, तिच्यावर लाल अक्षरात ‘बंद करू नये’ लिहा, आणि लिहिलंय हे वडिलांकरवी सगळ्यांना तोंडी सांगा. लिहिलेलं कुणी वाचत नाही. तिघांनाही एकाच यूपीएसवर घ्या. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर साध्या सॉकेटवर, हे मी फार ठिकाणी बघितलंय. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी, मशीन सुरू होताना उघडणारी सेटिंग्ज) जाऊन, वीज गेल्यावर परत आली की काय करायचं हे जे सेटिंग असतं (नाव मदरबोर्डप्रमाणे बदलतं, बहुतेक ‘एसी पॉवर लॉस’ असे शब्द त्यात असतात) ते ‘ऑन’ करा, म्हणजे बटण न दाबता मशीन उठेल. विंडोजमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तर चालेल. यूपीएस संपला आणि वीज नाही, तर मग नाही. महावितरणने लाइन दुरुस्तीला घेतली असेल त्या दिवशी बाळाला झोपवा आणि स्वतः झोपा.

बॅकअपची हार्डडिस्क आठवड्यातून एकदा लावा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा. वर जी गोष्ट सांगितली त्यानंतर याचं कारण सांगायला नको.

एक शेवटची काळजी, तुमच्यापेक्षा वडिलांसाठी जास्त. तुम्ही त्यांच्या कॉम्प्युटरवर असं ॲप टाकलंत की ‘रिमोटने कुणी आत येतं, ते आपलंच असतं’ ही कल्पना त्यांच्या डोक्यात बसते. मग बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, मोबाइलवर ॲनीडेस्क टाका आणि नंबर सांगा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच या प्रकाराबद्दल सावध केलं होतं, तरी माणसं अजून फसतात. त्यांना एवढंच सांगा की घरचं कुणी समोर किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर नसेल तर कुठलाही नंबर कुणाला वाचून दाखवायचा नाही. आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

तर आता पुढच्या वेळी गाळ्यात जाल तेव्हा होम की प्रो बघा, पासवर्डने एकदा लॉगिन करा, बायोसचं सेटिंग बदला. सगळं लावून घरी आलात की एखाद्या साध्या दुपारी वडिलांना फोन करून नवी एमसीबी पाडायला आणि यूपीएसही बंद करायला सांगा, पाच मिनिटांनी दोन्ही परत चालू, आणि त्यांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्यानंतर दहा मिनिटांत तुम्ही घरून आत शिरू शकलात तर लागलं. नाही शिरलात तर कुठे अडलं ते इथेच लिहा, विंडोजची आवृत्ती आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून, मी बघतो.